मुलीचें नांव ठेवतांना



आपल्या भाषेंत एका मात्रेच्या फरकानें केवढें अंतर पडतें पाहा. मुलीचें नांव ठेवणें हा घरांतला मंगल प्रसंग. मुलीला नांवें ठेवणें हा मात्र जगाचा जुना विरंगुळा. दोन्ही कामें आपण पिढ्यान् पिढ्या सारख्याच उत्साहानें करीत आलों आहों. दुसऱ्या कामाला कोणाच्या मदतीची गरज पडत नाहीं. पहिलें काम मात्र वरवर दिसतें तितकें सोपें नाहीं, हें ज्या घरांत नुकतेंच बाळ आलें आहे त्या घराला पुरतें ठाऊक असतें.

आमच्या घरीं सध्यां तोच प्रसंग आहे. माझी मुलगी बाळंतपणासाठीं माहेरीं आली आणि गेल्या आठवड्यांत तिला मुलगी झाली. बारशाला अजून पांच दिवस आहेत. एवढ्यांतच आमच्या बैठकीच्या खोलींतील फडताळावर नांवांच्या चिठ्ठ्यांचा ढीग जमला आहे. बाळाच्या आजोबांना कुलस्वामिनीचें नांव हवें आहे. आत्याला सबंध शहरांत दुसऱ्या कोणाचें नसेल असें नांव हवें आहे. पंचांगानें एक अक्षर काढून दिलें आहे, आणि त्या अक्षरावरून सुरू होणारें एकहि नांव कोणाला पसंत नाहीं. या गडबडींत जांवईबापूंनीं एक साधाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "आई, नांव काय तें ठरेल, पण मधें कोणाचें नांव लिहावयाचें?" त्या प्रश्नावर सगळी मंडळी क्षणभर गप्प झाली. मलाहि त्याचें उत्तर तत्काळ सुचलें नाहीं. तेव्हांपासून माझ्या मनांत जें चाललें आहे, तेंच आज आपल्यापुढें मांडावें असें योजिलें आहे.

पहिलें नांव आणि मधलें नांव हे दोन अगदीं निराळे प्रश्न आहेत. पहिलें नांव सांगतें, ही कोण. मधलें नांव सांगतें, ही कोणाची. पहिल्याचा विचार आपण बारा दिवस करतों. दुसऱ्याचा विचार करावा लागतो, हेंच आपल्या ध्यानांत येत नाहीं.

प्रथम पहिल्या नांवाविषयीं पूर्वज काय सांगून गेले तें पाहूं. पारस्कर गृह्यसूत्रांत असा नियम आहे कीं, मुलाच्या नांवांत दोन किंवा चार अक्षरें असावींत. मुलीच्या नांवांत अक्षरांची संख्या विषम असावी आणि शेवटीं आकार असावा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत मुलीच्या नांवाचीं लक्षणें अशीं दिलीं आहेत: तें उच्चारावयास सोपें असावें, कठोर नसावें, अर्थानें स्पष्ट, मनास आवडणारें व मंगल असावें, दीर्घ स्वरांत संपावें आणि त्यांत आशीर्वादाचा भाव असावा. पाळणा सजविणाऱ्या कोणत्याहि आईला हें वाचून संतोषच वाटेल. परंतु तोच ग्रंथ पुढच्याच अध्यायांत, कोणत्या नांवाची मुलगी वधू म्हणून वर्ज्य समजावी, याची एक यादी देतो. नक्षत्राच्या नांवाची नको, वृक्षाच्या नांवाची नको, नदीच्या नको, पर्वताच्या नको, पक्ष्याच्या नको, सर्पाच्या नको!

लोकांनीं हें सर्व आदरानें ऐकून घेतलें आणि मुलींचीं नांवें आपल्या मनाप्रमाणें ठेवलीं. सीता, राधा, उमा, रमा हीं सारीं दोन अक्षरी, म्हणजे सूत्रकाराच्या हिशेबानें चुकलेलींच. पण आपल्या घरोघर त्यांच्याहून पवित्र नांव नाहीं. नक्षत्रें म्हणाल तर रोहिणी, रेवती, चित्रा, अनुराधा आहेतच. पक्ष्यांत मैना आणि सारिका आहेत. आणि नद्यांविषयीं तर बोलावयासच नको. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, कावेरी, भागीरथी या नांवांच्या आज्या, पणज्या नाहींत असें मराठी घर शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. ज्या मुलखांत पाऊस चार महिने पडतो आणि उरलेल्या आठ महिन्यांत विहिरीचा तळ दिसूं लागतो, तेथें लेकीला नदीचें नांव देणें यापरता मोठा आशीर्वाद कोणता? १९०५ सालीं ब्रह्मदेशांत जन्मलेल्या एका मराठी मुलीला तिच्या आईबापांनीं तिकडच्याच नदीचें नांव दिलें. त्याच मुलीला पुढें आपण 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे म्हणून ओळखूं लागलों. सारांश, शास्त्र सल्ला देतें आणि निवड घर करतें, ही आपली जुनीच रीत आहे.

तीच गोष्ट पंचांगाच्या अक्षराची. अवकहडा चक्रांत प्रत्येक नक्षत्राच्या चार चरणांना चार अक्षरें नेमून दिलेलीं आहेत. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. येथपर्यंत ठीक. पण आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ, हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ण आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्या चरणाला ञ हीं अक्षरें आहेत. यांवरून सुरू होणारें नांव कोणत्या आईनें कोठून आणावें? अशा वेळीं जोशीबुवाहि हंसून दुसरें अक्षर सुचवितात. वस्तुतः आपल्या नामकरणविधींत या अडचणीची तोड आधींच काढून ठेविलेली आहे. तेथें एकच नांव नसतें. देवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि व्यवहारासाठीं एक अशीं चार नांवें बाळाला मिळतात. राशीचें नांव पत्रिकेंत राहतें आणि हांकेचें नांव जगांत वावरतें. आजोबांची कुलस्वामिनी आणि जोशीबुवांचें अक्षर यांची सोय अशी सहज लागते. आईनें त्यासाठीं डोळ्यांतून पाणी काढण्याचें कारण नाहीं.

नांवाविषयींची ही चर्चा सुखवस्तु घरची वाटेल. म्हणून एक वेगळी हकीकत सांगतें. आपल्याकडे मुलें जगत नसलीं म्हणजे दृष्ट लागूं नये म्हणून धोंडू, दगडू, भिकू अशीं नांवें ठेवीत. त्यांत वात्सल्यच होतें. परंतु मुलींच्या वांट्याला आणखी एक नांव आलें, आणि त्यांत वात्सल्याचा अंशहि नव्हता. मुलामागें मुलगा हवा असतां मुलीच होऊं लागल्या कीं शेवटचीला 'नकुशी' म्हणावयाचें. नकुशी म्हणजे नको असलेली. हें नांव शाळेच्या पटावर चढे, लग्नपत्रिकेंत छापलें जाई. २०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत सातारा जिल्ह्यांत एक समारंभ झाला. त्यांत अशा दोनशेंहून अधिक मुलींना नवीं नांवें देण्यांत आलीं. त्याच वर्षीं झालेल्या शिरगणतींत महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें मुली होत्या केवळ ८९४. हे दोन्ही आंकडे एकाच दुःखाचे आहेत. ज्या मुलीला रोज सकाळीं हांक मारतांनाच तूं नको होतीस असें सांगितलें जातें, तिच्या मनाचें काय होत असेल याची कल्पना आपण करूं शकतों. म्हणून नांव म्हणजे केवळ ध्वनि, असें मला म्हणवत नाहीं. मुलीनें आपल्याविषयीं ऐकलेलें तें पहिलें वाक्य असतें.

आतां नांव निवडावें कसें? शाळेंत हजेरी घेण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं. त्यामुळें नांवांच्या लाटा येतात कशा आणि ओसरतात कशा, हें मला पटावरून दिसत आलें. मी नोकरीला लागलें तेव्हां वर्गांत सुनीता, मनीषा, वैशाली होत्या. मध्यंतरीं प्राजक्ता, स्नेहल, पूजा आल्या. मी निवृत्त झालें तेव्हां श्रेया, सानिका, अनुष्का यांचें राज्य होतें. आमच्या आधींच्या पिढीलाहि हें नवें नव्हतें. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' या कादंबरीची नायिका यमू होती. चाळीस एक वर्षांनीं वामन मल्हार जोशांनीं कादंबरीला नांव दिलें 'इंदु काळे व सरला भोळे'. या दोन कादंबऱ्यांच्या मधल्या काळांत गंगू, ठकू आणि द्वारकी मागें पडल्या आणि इंदु, सरला, मालती पुढें आल्या. प्रत्येक पिढीला वाटतें कीं आपण अगदीं अपूर्व नांव शोधून काढलें. आणि पांच वर्षांनीं शाळेंत गेल्यावर कळतें कीं तेंच नांव एकाच वर्गांत आणखी चौघींचें आहे. मग त्या बिचाऱ्या मोठी पूजा, धाकटी पूजा आणि चष्मेवाली पूजा होऊन बसतात. म्हणून ज्या नांवाची यंदां फार चलती आहे, त्याकडे थोडें संशयानेंच पाहावें. उलटपक्षीं, कोणाचें नसेल असें नांव हवें म्हणून अक्षरांची मोडतोड करून अर्थहीन नांव घडविणें हेंहि बरें नव्हे. मुलगी दहा वर्षांची झाली म्हणजे ती विचारणार, माझ्या नांवाचा अर्थ काय? त्या वेळीं आईबापांना सांगण्यासारखें कांहीं तरी असलें पाहिजे. शर्वरी म्हणजे रात्र. अपर्णा म्हणजे जिनें तपश्चर्येंत झाडाचें पानहि खाल्लें नाहीं ती पार्वती. अशा एका शब्दामागें एक सबंध गोष्ट उभी असते, आणि ती मुलीच्या जन्माची शिदोरी होते.

माझ्या अनुभवानें दोनतीन साध्या कसोट्या सांगतें. नांव पक्कें करण्यापूर्वीं तें अंगणांतून किंवा जिन्याच्या खालून मोठ्यानें हांक मारून पाहावें. कारण पुढें तें हजारों वेळां तसेंच उच्चारावयाचें आहे. मग तें मधल्या नांवासह व आडनांवासह एका दमांत म्हणून पाहावें. त्यानंतर ती मुलगी साठ वर्षांची झाली आहे आणि कोणी अनोळखी मनुष्य तिला त्याच नांवानें आदरानें संबोधीत आहे, असें चित्र डोळ्यांपुढें आणावें. पाळण्यांत गोड लागणारीं पुष्कळ नांवें या कसोटीला टिकत नाहींत. आणि शेवटचें म्हणजे तें नांव लिहून पाहावें, देवनागरींत आणि रोमन लिपींतहि. 'ज्ञानदा' या सुंदर नांवांतला ज्ञ रोमन लिपींत तीन प्रकारांनीं लिहिला जातो, आणि तिन्ही प्रकार एकाच मुलीच्या तीन निरनिराळ्या कागदांवर आले म्हणजे तिच्या खेपांना अंत राहत नाहीं. पूर्वीं या गोष्टीला इतकें महत्त्व नव्हतें. परंतु १९६९ सालच्या जन्ममृत्यु नोंदणीच्या कायद्यांत २०२३ सालीं दुरुस्ती झाली, आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून पुढें जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच पुढें करावा लागतो. तेव्हां त्या दाखल्यावर जें अक्षर चढेल तें विचारपूर्वक चढवावें. घाई मात्र करूं नये. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यावयाची असते हें खरें. पण नांव त्याच वेळीं लिहिलें पाहिजे असें नाहीं. वर्षाच्या आंत तें विनामूल्य लिहितां येतें आणि त्यानंतरहि शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत सवड असते.

आतां जांवईबापूंच्या प्रश्नाकडे वळूं. इंग्लंड-अमेरिकेंत मधलें नांव म्हणजे मुलीचें स्वतःचेंच दुसरें नांव. तें आईबाप आवडीनें निवडतात. कधीं आजीचें देतात, कधीं नुसतें गोड लागलें म्हणून देतात. आपल्याकडे मधलें नांव निवडण्याचा प्रश्नच नसतो. तें वडिलांचें असतें. या बाबतींत आपण रशियन लोकांना अधिक जवळचे, कारण तेथेंहि मधें पित्याच्या नांवावरून साधलेलें नांव असतें. आइसलंडांत पित्याच्या किंवा मातेच्या नांवावरूनच शेवटचें नांव होतें, आणि स्पेनमध्यें मूल वडिलांचें व आईचें अशीं दोन्ही कुलनामें बाळगतें. सांगावयाचें तात्पर्य एवढेंच कीं, आपली रीत ही सृष्टीचा नियम नव्हे. ती अनेक रीतींपैकीं एक आहे.

आणि या रीतींत मुलाचें व मुलीचें नशीब सारखें नाहीं. मुलाचें मधलें नांव जन्मभर त्याच्याजवळ राहतें. मुलीचें मात्र लग्नाच्या दिवशीं पुसलें जातें आणि तेथें पतीचें नांव येतें. यांतला विनोद पाहा. जुन्या घरांत बायकोनें नवऱ्याचें नांव घ्यावयाचें नसे. घेतलेंच तर हळदीकुंकवाला, उखाण्यांत गुंफून, लाजत लाजत. जें नांव तोंडानें उच्चारावयाची तिला मनाई, नेमकें तेंच तिच्या स्वतःच्या नांवाच्या मधोमध लिहिलेलें! त्याच्याहि पुढें कुमारी, सौभाग्यवती, गंगा भागीरथी हीं उपपदें. म्हणजे तिचें नांव वाचावयाच्या आधींच तिचा नवरा आहे, नाहीं किंवा होता, हें वाचणाऱ्याला कळलें पाहिजे.

मधलें नांव बदललें तें बदललें. पण पहिलेंहि राहत नसे. ताटांत तांदूळ पसरून त्यांवर सोन्याच्या अंगठीनें सासरचें नवें नांव लिहावयाचें, आणि त्या दिवसापासून माहेरचें नांव संपलें. आपल्या इतिहासांतील किती तरी थोर स्त्रिया आपल्याला दुसऱ्याच नांवानें माहीत आहेत. १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई याहि माहेरच्या यमुनाच. 'स्मृतिचित्रें' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. महर्षि कर्व्यांशीं १८९३ सालीं ज्यांचा पुनर्विवाह झाला त्या गोदूबाई. लग्नांत त्या आनंदीबाई झाल्या. याच्या उलट एक उदाहरण आहे. बाळूताई खरे या तरुण लेखिकेनें १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केलें तें विभावरी शिरूरकर या नांवानें. तें नांव त्यांना आत्यानें दिलें नव्हतें, सासरनेंहि दिलें नव्हतें. तें त्यांनीं स्वतः घेतलें होतें. समाजाच्या टीकेपासून आडोसा म्हणून घेतलेलें तें नांव मराठी वाङ्मयांत कायमचें राहिलें.

येथें मला माझ्या आईची गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आम्हां भावंडांना तिचें एकच नांव माहीत होतें, सासरचें. मी चौदा वर्षांची असेन. एके दिवशीं दुपारीं एक म्हातारी बाई दाराशीं आली आणि तिनें एका निराळ्याच नांवानें हांक मारली. आम्हांला वाटलें, ती घर चुकली. पण आई आंत तांदूळ निवडीत बसली होती, ती सूप तसेंच टाकून उठली आणि एखाद्या लहान मुलीसारखी धांवत दाराशीं गेली. ती बाई तिच्या माहेरच्या गांवची होती. दोघी बराच वेळ ओसरीवर बोलत बसल्या. त्या दिवसाइतकी मोकळेपणानें हंसलेली आई मीं पूर्वीं पाहिली नव्हती. रात्रीं मीं विचारलें, "आई, तें नांव तुझें?" ती म्हणाली, "होतें. तें त्या घराचें, तिकडेच राहिलें." तिच्या स्वरांत तक्रार नव्हती. म्हणूनच कीं काय, तें वाक्य मला अद्यापि विसरतां आलेलें नाहीं. पुढें ती गेल्यावर कागदपत्रांच्या कामीं तिचें माहेरचें नांव लिहावयाची वेळ आली, तेव्हां त्या कागदापुढें बसलेल्या आम्हां भावंडांत तें नांव मला एकटीलाच ठाऊक होतें. तीस वर्षें शेंकडों मुलींचीं नांवें ओरडून वाचणाऱ्या मी, माझ्या आईचें नांव मात्र त्या दिवशीं आयुष्यांत पहिल्यांदांच हातानें लिहिलें.

विवाहानंतर स्त्रीनें नांव बदललेंच पाहिजे असा आपल्या देशांत कोणताहि कायदा नाहीं. जें आहे तें रूढि आहे, आणि रूढि बदलते. माझें पहिलें नांव लग्नांत बदललें नाहीं. माझ्या मुलीचें तर कोणतेंच बदललें नाहीं. आणि आतां त्याहि पुढचें पाऊल पडलें आहे. मार्च २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें असा निर्णय घेतला कीं, १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मणाऱ्या बालकांचीं नांवें सरकारी कागदपत्रांवर प्रथम बालकाचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें आणि शेवटीं आडनांव या क्रमानें लिहावयाचीं. म्हणजे जांवईबापूंच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर शासनानेंच देऊन ठेविलें आहे.

हें ऐकून आमच्या घरांतील वडील माणसें म्हणालीं, हें कसलें नवें खूळ! पण हें नवें नाहीं. छांदोग्य उपनिषदांतील सत्यकामानें आपलें गोत्र विचारलें तेव्हां त्याच्या आईनें सांगितलें कीं, माझें नांव जबाला आणि तुझें सत्यकाम; तेव्हां तूं स्वतःला सत्यकाम जाबाल म्हणवून घे. तो त्याच नांवानें गुरूपुढें गेला आणि गुरूनें त्याच्या सत्यनिष्ठेचा गौरव केला. आणि उपनिषदांपर्यंत जावयाचें नसेल तर नाशिकपर्यंत जावें. तेथील पांडवलेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेचा शिलालेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णि आणि त्याच्यामागून आलेला वासिष्ठीपुत्र पुळुमावि या दोघां पराक्रमी राजांचीं नांवें आईच्या नांवानें सुरू होतात. महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या सातवाहनांना आईचें नांव मिरवितांना कमीपणा वाटला नाहीं. तो आपल्यालाच कां वाटावा?

अडचणी नाहींत असें मी म्हणत नाहीं. चार शब्दांचें नांव लांब होतें. अर्जांतले चौकोन पुरत नाहींत. आपल्या पारपत्रावर दिलेलें नांव आणि आडनांव असे दोनच रकाने असल्यामुळें परदेशांत मधलीं सगळीं नांवें मुलीच्या स्वतःच्या नांवाला चिकटून येतात, आणि तिकडचा कारकून तिला वडिलांच्या नांवानें हांक मारतो, हा अनुभव पुष्कळांना आला आहे. तरी या गैरसोयी सोसण्यासारख्या आहेत. ज्या घरांत आई एकटीच मूल वाढवीत आहे, तेथें तर आईचें नांव दाखल्यावर येणें ही शोभेची बाब नसून न्यायाची आहे.

परंतु या निर्णयावर विचार करतांना माझ्या मनांत एक शंका आली. आईचें नांव लिहावयाचें, पण कोणतें? माझ्या लहानपणीं हा नियम असता तर माझ्या नांवापुढें माझ्या आईचें कोणतें नांव आलें असतें? अर्थातच सासरनें दिलेलें. ज्या नांवाची हांक ऐकून ती धांवत सुटली, तें तेव्हांहि बाहेरच राहिलें असतें. म्हणजे आईचें नांव मुलीला द्यावयाचें असेल तर आधीं तें आईजवळ राहिलें पाहिजे. मुलीचें नांव ठेवणाऱ्या आईबापांनीं एवढें मनाशीं ठरवावें कीं, आपण देत असलेलें नांव हें तिला वापरावयाला दिलेलें नसून तिच्या मालकीचें करून दिलेलें आहे. तें पुढें बदलावयाचें कीं नाहीं, हें ती ठरवील. ताटांतले तांदूळ ठरविणार नाहींत.

असो. आमच्या घरचा निकाल आपण विचाराल. परवां रात्रीं बाळ निजल्यावर मीं माझ्या मुलीला तिच्या आजीचें माहेरचें नांव सांगितलें. ती थोडा वेळ कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, "फार जुनें नाहीं का वाटणार? शाळेंत मुली हंसतील." मीं तिला म्हटलें, "सगळ्या कसोट्या लावून पाहा, आणि मग तुझ्या मनाला येईल तें कर." तिनें सकाळीं गच्चीवर जाऊन हळूच हांक मारून पाहिली. अक्षरें तीन, शेवट दीर्घ, अर्थ स्वच्छ. पंचांगाचें अक्षर राशीच्या नांवाला मिळालें आणि आजोबांची कुलस्वामिनी देवतेच्या नांवांत आली. सर्वांत गंमत आत्याची. ती म्हणाली, "हें नांव आतां इतकें जुनें झालें आहे कीं सबंध शहरांत दुसऱ्या मुलीचें असणें शक्य नाहीं!" म्हणून तिचाहि हट्ट पुरा झाला. मधें आईचें आणि वडिलांचें, दोघांचींहि नांवें येतील. तसें जांवईबापूंनीं आपल्या हातानें अर्जावर लिहिलें आहे.

तें नांव कोणतें, तें मात्र मी आज सांगणार नाहीं. बारशाच्या आधीं नांव फोडावयाचें नसतें. तें प्रथम आत्यानें बाळाच्या कानांत सांगावयाचें आणि पाठीवर धपाटे खावयाचे, हा तिचा मान आहे. एवढेंच सांगतें कीं तें एका नदीचें नांव आहे. म्हणजे मनूच्या वर्ज्य यादींतलें. माझी आई ज्या घरांतून आली, तेथें तें नांव साठ वर्षें पडून होतें. पांच दिवसांनीं तें पुन्हां पाळण्यांत येईल, आणि या खेपेस तें त्या मुलीजवळच राहील अशी माझी आशा आहे.